पुसल्याशिवाय गळती दिसत नाही

"मिस्तरी, तेल गळायलंय." जुनी गाडी गॅरेजला आली की मालकाचं पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. दुसरं, "किती खर्च येईल?" खरं काम या दोन वाक्यांच्या मधलं असतं आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. ते काम म्हणजे पुसणं. इंजिन पुसायचं, चेंबर पुसायचं, गाडीखालची फरशी पुसायची. मला या कामात कधी कमीपणा वाटला नाही. माझ्या धंद्यातलं निम्मं ज्ञान फडक्यातून आलंय, असं मी हाताखालच्या पोरांना सांगतो. पाना धरायला कुणीही शिकतं. फडकं कुठून सुरू करायचं आणि कुठं थांबवायचं, हे कळायला वेळ लागतो.

माझं गॅरेज युसूफ वडगावात, रस्त्याच्या कडेला. वर पत्रा, खाली निम्म्या जागेत कोबा आणि निम्म्या जागेत शहाबादी फरशी, मागच्या अंगाला बोअर. केज, अंबाजोगाई, कळंब या तिन्ही बाजूंच्या माणसांचं इकडून जाणं-येणं असतं, पण नव्या कोऱ्या गाड्या माझ्याकडं क्वचितच येतात. त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात. माझ्याकडं येतात मारुती ८००, ओम्नी, जुन्या सुमो, ट्रॅक्स, कमांडर जीप. मारुती ८०० बनायची बंद झाली ती २०१४ च्या जानेवारीत, म्हणजे त्यातली सगळ्यात शेवटची गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढं गेलीय. काहींवर अजून एमएच २३ ची जुनी पाटी आहे, अंबाजोगाईचा एमएच ४४ सुरू होण्याच्या आधीची. या गाड्या मालकांनी हौसेखातर ठेवलेल्या नाहीत. दवाखाना, बाजार, लेकीचं सासर, सगळं त्याच गाडीवर. म्हणून गळतीचा नेमका शोध लागणं आणि त्याला लागेल तेवढाच खर्च होणं, याला आमच्याकडं फार किंमत आहे.

तेलाची अडचण अशी, की ते निघतं एका जागेवरून आणि टपकतं दुसऱ्याच जागेवरून. गाडी पळत असताना समोरचा वारा त्याला मागं ढकलतो. गाडी उभी राहिली की ते उतार धरून खाली येतं, एखाद्या बोल्टाच्या डोक्याशी थांबतं आणि तिथून थेंब पडतो. वर रस्त्याची धूळ बसते. उसाच्या सीझनमध्ये तर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उडवलेली काळ्या मातीची भुकटी सगळीकडं असते. तेल आणि धूळ मिळून इंजिनावर बोटभर कीट चढतो. असा कीट चढलेल्या इंजिनाकडं बघून "हे सील गेलंय" असं जो सांगतो, तो अंदाज सांगतो. अंदाजावर गिअरबॉक्स उतरवला जाऊ नये.

आमच्या भागातल्या एका निवृत्त गुरुजींच्या पांढऱ्या ८०० चं असंच झालं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडले जातात, त्या घंटेसारख्या कवचाच्या बुडाशी तेल टपकत होतं. शहरातल्या एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं, की क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल, घेतलाच आहे तर क्लच प्लेटही बदलून टाकू. आकडा ऐकून गुरुजी गाडी विकायला निघाले होते. मला म्हणाले, "बाबा, तू एकदा बघ. तू म्हणालास तर देऊन टाकतो." मी म्हणालो, "गुरुजी, आज मी काहीच सांगत नाही. आधी पुसू द्या."

पुसायची आमची रीत सांगतो. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हात लावायचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. कार्बोरेटरचं तोंड, डिस्ट्रिब्यूटर आणि अल्टरनेटर यांवर प्लास्टिकची पिशवी बांधायची. खाली पसरट घमेलं सरकवायचं, कारण वरून जे निघणार ते जमिनीवर जाता कामा नये. मग पत्र्याच्या पट्टीनं जाड कीट खरवडायचा, कोरडाच. ओला केला की तो सगळीकडं पसरतो. खरवडून झालं की डब्यात थोडं डिझेल घेऊन ब्रशनं वरून खाली यायचं. डिझेलच, पेट्रोल कधीच नाही. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या एखाद्या ठिणगीनंही पेटते. शेवटी कॉटन वेस्टनं इतकं कोरडं करायचं, की स्वच्छ कागद दाबला तर त्यावर डाग उमटू नये. बोल्टाच्या खाचा, पॅकिंगच्या कडा, कवचाचा खालचा ओठ, काही सोडायचं नाही.

ते झाल्यावर मी घरातली साधी अंगाला लावायची पावडर आणली, प्लास्टिकच्या बाटलीत भरली आणि बाटली दाबून संशयाच्या सगळ्या जागांवर फवारली. टॅपेट कव्हरची कड, डिस्ट्रिब्यूटरचं बूड, ऑइल स्विच, चेंबरची जोडणी, कवचाची फट, सगळं पांढरं झालं. केजच्या रस्त्याला एक चक्कर मारली, गाडी आणून उभी केली आणि हातबॅटरी व दाढीचा छोटा आरसा घेऊन बसलो. पांढऱ्या पावडरीवर डिस्ट्रिब्यूटरच्या बुडापासून एक बारीक ओली रेघ निघाली होती. ती हेडच्या कडेनं उतरली होती, कवचाच्या माथ्यावर आली होती आणि बाहेरून गोल फिरून खालच्या बोल्टापाशी पोहोचली होती. मागचं सील गेलं असतं, तर कवचाच्या खालच्या फटीतून तेल बाहेर यायला हवं होतं. तिथली पावडर कोरडी ठणठणीत.

या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर गिअरबॉक्सच्याच टोकाला बसतो. त्यामुळं त्याची रबरी रिंग कडक झाली, की गळती हुबेहूब मागच्या सीलसारखी दिसते. डिस्ट्रिब्यूटर काढण्याआधी त्याच्या अंगावर आणि बैठकीवर एकच सरळ खूण ओढून घेतली, म्हणजे टायमिंग जागच्या जागी येतं. रिंग बदलली. टॅपेट कव्हरचं पॅकिंगही लाकडासारखं झालं होतं, तेही बदललं. गिअरबॉक्सला हात लावला नाही. गुरुजींची गाडी गुरुजींकडंच राहिली.

हे मला लातूरच्या माझ्या उस्तादांनी शिकवलं. तिथं मी पोरगा असताना काम शिकलो. गळकी गाडी आली की ते खाली वाकायच्या आधी वरचं ऑइल भरायचं झाकण काढायचे आणि इंजिन चालू ठेवून त्या भोकावर तळहात धरायचे. "गाडी आधी दम कशी सोडती ते बघ," म्हणायचे. पिस्टनच्या बाजूनं थोडा धूर खाली चेंबरमध्ये जातोच. तो बाहेर पडायला ब्रीदरची नळी असते. नळी काजळीनं तुंबली, की आतला दाब वाढतो आणि तेल जिथं वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. अशा वेळी तुम्ही एक सील बदला, दुसरं गळतं. दुसरं बदला, पॅकिंग फुटतं. मालक हैराण होतो, मिस्तरी बदनाम होतो आणि दोष असतो बोटभर नळीत. दोन-तीन जागांवरून एकदम गळणारी गाडी आली, तर मी आजही पहिल्यांदा ब्रीदर काढून साफ करतो. नळी मोकळी असूनही झाकणातून भकभक धूर येत असेल, तर मात्र पिस्टनच्या रिंगा गेल्या. ते मोठं काम आहे आणि ते मालकाला स्पष्ट सांगावं.

आणखी एक कारण म्हणजे जास्त भरलेलं तेल. "मिस्तरी, वाटलं दोन बोटं जास्तच असू द्यावं," असं प्रेमानं सांगणारे बरेच भेटतात. डिपस्टिकवर वरची खूण मुद्दाम दिलेली असते. तिच्या वर तेल गेलं, की क्रँक त्याला घुसळतो, फेस होतो आणि तेच तेल सीलांवर दाब टाकतं. कमी तेल वाईट, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्तीचं तेलही तितकंच वाईट, हे कुणी सांगत नाही.

पॅकिंगांचंही असंच. टॅपेट कव्हरचे नट बुचाचं पॅकिंग पिळून निघेपर्यंत आवळले, की ते मधून फाटतं आणि गळती वाढते. गळतंय म्हणून पुन्हा आवळतात, मग कव्हरचा पत्राच वाकतो. चेंबरच्या ड्रेन बोल्टखाली तांब्याचा वायसर असतो. तो एकदा दाबला गेला की कडक होतो. नवा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर जुना गॅसच्या ज्योतीवर लाल करून पाण्यात टाकावा. तांबं पुन्हा मऊ पडतं आणि नीट बसतं. बॉण्डची ट्यूब अख्खी फासणं हा त्यावरचा उपाय नाही. बाहेर आलेला बॉण्ड दिसतो, आत गेलेला दिसत नाही. त्याचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात आणि इंजिनाला तेल मिळणं बंद होतं.

आता सांडलेल्या तेलाबद्दल. कितीही जपलं तरी गॅरेजमध्ये तेल सांडतंच. घमेलं कलंडतं, फिल्टर काढताना ओघळ येतो, नळी निसटते. तेल सांडलं की पोरं पहिल्यांदा पाण्याच्या नळीकडं धावतात. ती सवय मी मोडून काढली आहे. पाण्यावर तेल तरंगतं आणि पाण्याबरोबर पसरतं. हातभर डागाचा अंगणभर तवंग होतो आणि गटारीतून तो शेजारच्याच्या दारात जातो. आधी वाट अडवायची, म्हणजे डागाच्या कडेनं कोरड्या मातीचा किंवा भुशाचा बांध घालायचा. मग बाहेरून आत टाकत यायचं, भुसा तेल पिईल तेवढा वेळ द्यायचा, पायानं किंवा खराट्यानं दाबून रगडायचा, गोळा करायचा आणि पुन्हा कोरडा टाकायचा. पाणी सगळ्यात शेवटी, तेही हातपुसणं भिजेल इतकंच.

समुद्रातल्या तेलालाही हाच नियम लागू पडतो, हे मला पेपरातून कळलं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही दोन जहाजं धडकली आणि शेकडो टन तेल समुद्रात गेलं. रायगडच्या बाजूच्या खारफुटीपर्यंत त्याचा काळा थर पोहोचला. तेव्हा वाचलं होतं, की असं तेल पसरू नये म्हणून पाण्यावर तरंगते अडथळे लावतात. आधी अडवा, मग गोळा करा. आमचा भुशाचा बांध आणि तो तरंगता अडथळा एकाच कामाचे. फरक एवढाच, की तिथं भरती-ओहोटी आपल्या हातात नसते. इथं सगळं आपल्या हातात असतं. म्हणून आपल्याला सबबही नसते.

काय टाकायचं याचा मी बराच विचार केला आहे. लाकडाच्या वखारीतला भुसा चांगला, पण तो पावसाळ्यात ओलसर होतो आणि मग तेल घेत नाही. साखर कारखान्याच्या आवारातून उसाच्या चिपाडाचा बारीक भुगा मिळाला, तर तो भुशापेक्षा जास्त पितो. परदेशात गॅरेजवाले मांजरांच्या शौचासाठीची माती वापरतात, असं पुण्यात राहणाऱ्या आमच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. ती माती बहुधा बेन्टोनाइटची असते, आणि बेन्टोनाइट ज्या खनिजांच्या कुळातला, त्याच स्मेक्टाइट कुळातली चिकणमाती आपल्या काळ्या रानात भरलेली आहे. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात आणि पावसात ती फुगते, ती याच मातीमुळं. मी ती वाळवून चाळून वापरून बघितली. तेल चांगलं पिते, पण जरा पाणी लागलं की चिखल होतो. म्हणून आता मी वीटभट्टीवरून फुटक्या विटांचा चुरा आणतो आणि बारीक चाळून पोत्यात भरून ठेवतो. भाजलेली माती तेल ओढून घेते, पाण्यानं विरघळत नाही आणि पायाखाली घसरत नाही. फुकट मिळते, ही आणखी एक गोष्ट.

फरशीवर जुना डाग मुरला असेल, तर विटांच्या चुऱ्यात धुण्याचा सोडा आणि थोडं गरम पाणी घालून घट्ट लापशी करतो, डागावर थापतो आणि रात्रभर ठेवतो. सकाळी वाळून कोरडी झालेली ती खरवडून घ्यायची. एका वेळेत डाग जात नाही, पुन्हा करावं लागतं. ॲसिड कुणी आणून दिलं तरी मी वापरत नाही. ॲसिडनं तेल सुटत नाही. शहाबादी फरशी चुनखडीची असते. ॲसिड तिलाच खातं आणि खरबडीत झालेल्या फरशीत पुढच्या वेळेस तेल आणखी खोल जातं.

रस्त्यावर सांडलेलं डिझेल तर जिवावरचं काम असतं. सीझनमध्ये वळणावर एखाद्या ट्रॅक्टरची टाकी गळली आणि मागून मोटारसायकल आली, तर चाक सुटतंच. तिथं मी सफाईचा विचार करत नाही. हाताला लागेल ती माती, मुरूम, कोरडा चुरा टाकायचा, दोन्ही बाजूंना फांदी लावून ठेवायची, रहदारी हळू करायची. डिझेल पातळ असतं, डांबरात शिरतं आणि पहिल्या पावसात पुन्हा वर येतं. म्हणून ती जागा दुसऱ्या दिवशीही बघून यावी लागते.

पाण्याची नळी मी बंद केली, त्याला २०१६ हे वर्ष कारण आहे. मांजरा नदीवरचं धनेगावचं धरण आमच्याच केज तालुक्यात. लातूर शहर, अंबाजोगाई, केज, कळंब हे सगळे त्याच पाण्यावर जगणारे. त्या वर्षी धरण कोरडं पडलं. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, 'जलदूत' नावाची ती गाडी सगळ्या देशानं टीव्हीवर बघितली. आमच्या गावांत टँकरची वाट बघत घागरींच्या रांगा लागल्या होत्या. त्या उन्हाळ्यात गाडी धुवायला पाणी मागणं म्हणजे तोंड दाखवायला जागा न राहणं. कोरडं खरवडणं, ब्रशभर डिझेल आणि विटांचा चुरा ही सगळी रीत त्याच वर्षी पक्की झाली. पुढं पाऊस चांगला झाला, बोअरला पाणी आलं, तरी मी जुन्या रीतीकडं गेलो नाही.

त्या वर्षात मला दुसरीही एक गोष्ट उमगली. गॅरेजच्या मागची बोअर आम्ही राहतो त्याच जागेची आहे. जे तेल मागं ओतलं जाईल, ते कधी ना कधी त्याच जमिनीत उतरणार. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं सांगितलेला एक हिशोब मी वाचला: एका वेळच्या ऑइल बदलात निघालेलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर. आमच्या मापात सांगायचं तर बारा हजार लिटरचे तीनशेहून जास्त टँकर. मारुती ८०० च्या चेंबरमधून निघतं ते जेमतेम तीन लिटर. ज्या तालुक्यानं टँकरची रांग बघितली, त्यानं हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

टेरी या संस्थेनं जमिनीतलं तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण तयार केलं आहे, 'ऑइलझॅपर' नावाचं. पण ते काम महिन्यांचं, देखरेखीचं. आपल्या परसात ते कोण करणार? त्यापेक्षा सांडू न देणं सोपं.

मग काढलेलं काळं तेल जातं कुठं? यावर माझी गावाशी सतत बोलणी चालू असतात. मागायला येणारी माणसं परकी नसतात.

"मिस्तरी, डबाभर काळं ऑइल द्या की. मेढींना लावतो, वाळवी लागत नाही."

"काका, मेढ पावसात भिजली की ते रानात उतरतंय. देत नाही."

"गोचीड लई झालेत म्हशीला. लावलं की मरतेत म्हणतेत."

"गोचडासाठी जनावरांच्या डॉक्टराकडं औषध मिळतंय. हे तेल म्हशीच्या कातड्यातून आत जातं, ती ते चाटते, आणि दूध तुमचीच नातवंडं पितेत."

हे मी रागानं सांगत नाही. पूर्वी बैलगाडीच्या आखाला वंगण लागायचं, तेव्हा जुन्या तेलाला घरोघरी काम होतं, आणि ती सवय अजून गेलेली नाही. पण इंजिनात हजारो किलोमीटर तापलेल्या तेलात धातूचा कीस असतो, काजळी असते, जळण्यातून तयार झालेले घातक पदार्थ असतात. सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला बांधकामवाले मागतात, त्यांनाही मी देत नाही. प्लेटा धुतल्या की ते तेल कुठं जातं, हे मला माहीत आहे.

कायदाही स्पष्ट आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यातच धरलं आहे आणि ते परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडंच गेलं पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून तर तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा होण्याची जबाबदारी आली आहे. ही चांगली गोष्ट आहे, कारण तेल मुळात संपत नाही. त्यातली औषधं संपतात आणि घाण वाढते. नीट शुद्ध केलं तर त्याच तेलातून पुन्हा चांगलं मूळ तेल तयार होतं. माझ्याकडं झाकणाचा एक ड्रम आहे. त्यात फक्त इंजिन आणि गिअरचं तेल जातं. कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल यातलं काही त्यात मिसळू देत नाही. मिसळलं की ते कुणी घेत नाही. जुना फिल्टर भोक पाडून रात्रभर उलटा ठेवतो. तेल प्यायलेला भुसा आणि चुरा वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून. ड्रम भरला की गोळा करणाऱ्याला बोलावतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पत्र बघितल्याशिवाय त्याला देत नाही. जो जास्त भाव देतो पण कागद दाखवत नाही, त्याचं तेल कुठल्या भट्टीत जळतं किंवा कुठल्या डब्यात नवं म्हणून भरलं जातं, याची खात्री कोण देणार?

गाडी घरी सांभाळणाऱ्यांना मी फार मोठ्या गोष्टी सांगत नाही. सकाळी गाडी चालू करायच्या आधी, सपाट जागेवर, डिपस्टिक बघा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलं, गाडी चालू करू नका. कार्बोरेटरच्या जुन्या इंजिनात तेलाला पेट्रोलचा वास आला, तर फ्युएल पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो, तेही लगेच दाखवा. आमच्याकडची धूळ बघता एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच झटकावा लागतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, दोन वर्षांनी बदलाच.

आणि रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा, पुढच्या चाकांच्या जागा त्यावर खडूनं आखून घ्या. सकाळी थेंब कुठं पडला आणि कुठल्या रंगाचा, हे त्यावर आपोआप उमटतं. मधासारखा किंवा काळा, बोटाला बुळबुळीत: इंजिनाचं तेल. जाडसर, गंधकासारखा उग्र वास: गिअरचं. हिरवा, पाणीदार: कूलंट. चाकाजवळ पातळ, फिकट थेंब: ब्रेकचं, आणि तो दिसला तर गाडी जागेवरून हलवायची नाही, मला फोन करायचा. एसी असलेल्या गाडीखाली स्वच्छ पाणी पडलं, तर काळजी नको. कूलंटबद्दल मी प्रत्येकाला बजावतो. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री, शेरडं चाटतात. लहान मूल बोट लावून तोंडात घालतं. तो थेंब दिसला की आधी पुसा, मग चहा प्या. ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर मात्र पुसत बसू नका, लगेच भरपूर पाण्यानं धुवा, नाहीतर रंग सुटतो. पाण्याची नळी मी तेवढ्यासाठीच ठेवली आहे.

सध्या गॅरेजच्या दारात एक कमांडर उभी आहे. तिचंही तेल कवचाखालून येतं. पुसली, पावडर मारली, चक्कर मारली, ब्रीदर बघितला. वरचं सगळं कोरडं निघालं आणि खालच्या फटीतून मात्र तेलाचा ओघळ आला. हे खरंच मागचं सील आहे आणि त्याला गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. मालक म्हणाला, "मिस्तरी, सीझन उरकू द्या. आत्ता गाडी बसली तर पोटावर येतंय." मी हो म्हणालो, पण अटी घालून. रोज सकाळी तेल बघायचं, डब्यात लिटरभर जवळ ठेवायचं, रात्री खाली विटांच्या चुऱ्याचं घमेलं ठेवायचं आणि चढाला इंजिन गरगरतंय पण गाडी ओढत नाही असं वाटलं, तर त्याच दिवशी गाडी आणायची. कारण त्याचा अर्थ तेल क्लच प्लेटवर गेलं. सील आणून ठेवलंय. काम पाडव्यानंतर धरलंय.